घालणारीनं रंग सांगायचा

आमच्या रिठदला इस्माईल मनियार आला की बाया स्वयंपाक अर्धा टाकून बाहेर यायच्या. वरण उतू जावो, पाळण्यातलं पोर रडो, कुणाला पर्वा नसायची. त्याच्या तट्टाच्या गळ्यातली घंटी वेशीपाशी वाजली की आळीभर एकच गलका व्हायचा. हे सगळं माझ्या जन्माआधीचं. पण माझ्या आईकडून, रंगूबाईकडून, मी ते इतक्यांदा ऐकलंय की आपणच त्या गर्दीत होतो असं मला वाटायला लागलंय. इस्माईलची गोष्ट आईला बसून सांगता यायचीच नाही. मध्येच उठून उभी राहायची, हातवारे करायची, आणि हातातल्या बांगड्या आपटून एखादी वाढवून ठेवायची.

इस्माईल रिसोडचा. बाप सैफुद्दीनही मनियार, आजाही मनियार. काचेच्या बांगड्यांनी भरलेला पेटारा तट्टावर लादायचा आणि गावोगाव बायांच्या हातात बांगड्या भरायच्या, हाच तीन पिढ्यांचा धंदा. आणि या इस्माईलला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नव्हता! हलवायाला गोड-तिखट कळू नये, तशातली गत. लहानपणी बापानं कोठीतून हिरव्या बांगड्यांचा तोडा आणायला सांगितलं, तर पोरानं लाल आणला. थप्पड बसली. पुन्हा पाठवलं, पुन्हा लालच. मग सैफुद्दीन मारायचा थांबला. पोराला उन्हात घेऊन गेला, दोन हातांत दोन बांगड्या धरल्या आणि यातली हिरवी कोणती म्हणून विचारलं. पोरगं रडकुंडीला आलं.

"अब्बा, दोनों एकच तो है!"

बापानं दोन्ही बांगड्या मुठीत झाकल्या. म्हणाला, "ये बात घर के बाहर नको जाने देना."

त्याला दुसऱ्या धंद्याला लावावं, असं बापाच्या मनात खूप होतं. पण पोराच्या बोटांत जादू होती, त्याला काय करणार? बांगडी चढवणं म्हणजे नुसतं ढकलणं नव्हे. अंगठ्याखालचा उंचवटा दाबायचा, हात मऊ करून घ्यायचा, बाईला काहीतरी विचारून तिचं ध्यान दुसरीकडे न्यायचं, आणि ती उत्तर देईपर्यंत बांगडी मनगटावर. इस्माईल हात नुसता हातात घ्यायचा आणि माप सांगायचा. त्यानं चढवलेली बांगडी खुपली, काच लागली, रक्त आलं, असं कुणी कधी बोललं नाही. खुरपं धरून धरून राठ झालेल्या हातांतही तो अशी घट्ट बांगडी बसवायचा की बाई बघतच राहायची.

म्हणून बापानं एक युक्ती काढली. प्रत्येक तोडा दोऱ्यात ओवलेला असतो, त्या दोऱ्याला गाठी. एक गाठ म्हणजे लाल, दोन म्हणजे हिरवा. बाप गेल्यावर त्या गाठी बायको मारू लागली, सरवरी. तिनंही तोंडातून अवाक्षर काढलं नाही. एखादी बाई म्हणायची, "ही नको, ती लालसर दाखवा," की इस्माईल मापाचा बहाणा करून पेटाऱ्यात गाठी चाचपत बसायचा आणि कपाळावर घाम यायचा. मला तर या लपवाछपवीचा रागच येतो. त्यानं काय चोरी केली होती? देवानं डोळे दिले तसे दिले. पण धंदा बसेल, ही भीती बापानं त्याच्या मनात अशी ठोकून बसवली होती की बरीच वर्षं तो गाठींच्याच आधारानं जगला.

त्याची ही भीती घालवली त्याच्या तट्टानं.

नागपंचमीचा आदला दिवस. सणाला नव्या बांगड्या हव्यातच, म्हणून पेटारा गच्च भरून इस्माईल रिठदला निघाला होता. वाटेत नाला लागतो. नाल्याला गुडघाभर पाणी. तट्टू मधोमध आलं, पाणी हुंगलं, आणि सावकार गादीवर बसतो तसं ऐसपैस खाली बसलं. बसलं ते बसलं, वर लोळायला लागलं! इस्माईलनं लगाम ओढला, शिव्या दिल्या, विनवण्या केल्या. तट्टू खुशीत. शेवटी ते उठलं तेव्हा पेटाऱ्यातले दोरे तुटले होते, गाठी सुटल्या होत्या, आणि बांगड्यांचा नुसता काला झाला होता. फुटल्या थोड्याच, पण लाल कुठली आणि हिरवी कुठली, हे आता त्याला अल्लाच सांगणार होता.

परत जावं, तर रिठदच्या बाया सणाला जुन्याच बांगड्यांनी बसणार आणि दुसऱ्या वर्षी दुसरा मनियार बोलावणार. आणि रिठद म्हणजे त्याच्या फेऱ्यातलं सगळ्यात मोठं गाव. तो तसाच ओलाचिंब गावात आला आणि आमच्या ओट्यापाशी लिंबाखाली त्यानं पेटारा उघडला.

बाया जमल्याच होत्या. आई तेव्हा नवी सून, पण जीभ जुनीच. सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली.

"हिरव्या काढा, भाऊ. लवकर. चुलीवर दूध ठेवून आली मी."

इस्माईलनं ढिगात हात घातला. हात तसाच राहिला. मग त्यानं आईच्या मापाच्या मूठभर बांगड्या उचलल्या आणि पुढे केल्या. आई बघते तर अर्ध्या लाल, अर्ध्या हिरव्या, एक कथ्थी.

"ह्या हिरव्या? डोळे फुटले काय तुमचे?"

आईनं हे सहज म्हटलं होतं. गावात सगळेच सगळ्यांना म्हणतात. पण इस्माईलनं बांगड्या खाली ठेवल्या आणि वर बघून म्हणाला, "हो बाई. लाल अन् हिरवं मले एकच दिसते. जनमापासून. आजवर गाठी पाहून देत होतो, त्या गाठी नाल्यात गेल्या."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. इस्माईल पेटारा बांधायला लागला. आपला धंदा इथं संपला, असंच तो धरून चालला होता.

"बांधून काहून राह्यले?" आई म्हणाली. "तुमाले दिसत नाई तं नाई. आमाले काय डोळे नाईत? ठेवा तो ढीग इथं."

आणि तिनं पदर खोचून त्या ढिगात दोन्ही हात घातले!

मग जी धमाल झाली! आजवर असं होतं की मनियार म्हणायचा, "बाई, तुमाले ही शोभते," आणि मागून सासू म्हणायची, "भर तीच." एखादी धीट सोडली तर बाईनं हात पुढे करायचा आणि जे येईल ते घालायचं. आता मनियारालाच रंग कळेना, मग तो शोभते काय म्हणणार? ढीग समोर, आणि प्रत्येकीचे हात त्यात. कुणाला डाळिंबी सापडली, कुणाला मोरपंखी, कुणाला पोपटी. एवढे रंग पेटाऱ्यात होते हे गावाला माहीतच नव्हतं. "ही मले!" "नाई, मी आधी धरली!" "अवं माय, हा पाह्य कसा रंग!" म्हाताऱ्यासुद्धा वाकून वाकून बघायला लागल्या. इस्माईल मधोमध बसलेला, एकेकीचा हात धरून विचारतोय, "कोनची? दाखवा. हिला काय म्हनता? डाळिंबी? बराबर." आणि भरतोय. आईनं आमसुली घेतल्या. आमच्या घराण्यात आमसुली बांगड्या कुणी घातलेल्या नव्हत्या. घरी गेल्यावर सासूनं विचारलं, "हा कायचा रंग?" तर आई म्हणाली, "माह्या आवडीचा." चुलीवरचं दूध केव्हाच जळून गेलं होतं, त्याबद्दल मात्र तिनं बोलणी खाल्ली.

रिसोडला जाऊन इस्माईलनं सरवरीला सांगितलं, आता गाठी मारू नको. ती घाबरली. पण त्यानं ऐकलं नाही. त्या दिवसापासून तो ज्या गावात शिरे तिथं वेशीतूनच ओरडे, "रंग तुमी सांगा, माप मी सांगतो!" आधी लोक हसले. काही घरांनी त्याला दार बंद केलं. रंग न दिसणाऱ्याच्या हातचा चुडा अपशकुनी, असं कुणीतरी काढलं. लोकांना काय, अपशकुन शोधायला तेल-मीठ लागत नाही. पण बायांनी त्याला सोडलं नाही. उलट जिथं त्याचा फेरा नव्हता तिथल्या बाया माहेरी आल्या की त्याची वाट बघत थांबू लागल्या.

एकदा मात्र घोटाळा झाला. एका घरात जावाजावांत वाकडं. धाकटी हिरव्या मागत होती, इस्माईलनं मोठीला विचारलं, "ह्या हिरव्या ना?" मोठी हो म्हणाली, आणि होत्या करड्या, मातकट. मोठ्या जावेला खोटं पाडायची धाकटीची छाती झाली नाही. धाकटी ऐन सणाला रडली. इस्माईलला फार लागलं ते. दुसऱ्या दिवशी उलटा त्या गावी जाऊन त्यानं तिला बांगड्या बदलून दिल्या आणि तेव्हापासून नेम केला. घालणारीनंच रंग सांगायचा. सासू सांगेल, जाऊ सांगेल, नवरा ओट्यावरून ओरडेल, काही चालायचं नाही. जिच्या हातात बांगडी जायची तिनं आपल्या तोंडानं रंगाचं नाव घ्यायचं, तोवर इस्माईल हात धरून नुसता बसून राही. कितीतरी लेकीसुना चारचौघांत पहिल्यांदा मोठ्यानं काही बोलल्या असतील तर त्या इस्माईलपुढे.

आणि मग आलं पंचफुलाचं लग्न.

पंचफुला ही मारोतरावांची लेक. मारोतराव गावातले मोठे शेतकरी, शब्दाला वजन असलेले. सोयरीक मेडशीची, घराणं तालेवार. वऱ्हाड गाड्या जुंपून आदल्या दिवशीच आलं आणि जानोशावर उतरलं. हळदीच्या दुपारी नवरीला हिरवा चुडा भरायचा होता. मारोतरावांनी इस्माईलला बोलावलं खरं, पण त्याला बाजूला घेऊन बजावलं, "हे पाह्य इस्माईल, आज काई गडबड झाली तं पुन्हा रिठदच्या वेशीत पाय ठेवू नको." इस्माईल काय समजायचं ते समजला. रिठद गेलं की मारोतरावांचे सोयरेधायरे असलेली सगळी गावं जाणार, आणि मग त्याला सरकी काढायच्या जिनात कापसाचे बोजे उचलायला जावं लागणार. सकाळी निघताना सरवरीनं हातात दोरा धरून विचारलं होतं, "आज के दिन तो गाठाँ मारू?" त्यानं नाही म्हटलं. आता चोरून काही करायचं नाही, एवढंच बोलून तो निघाला होता.

मांडवात घोंगडी अंथरलेली. पंचफुला हळदीनं पिवळीधमक, मान खाली घालून बसलेली. शेजारी तिची आई रुपाबाई. भोवती गावच्या बाया, त्यात माझी आई सगळ्यात पुढे, हे सांगायला नकोच. एवढ्यात जानोशावरून वरमाय आली. तुळसाबाई. उंच, रुंद, आणि आवाज असा की पलीकडच्या आळीतली जनावरं कान टवकारतील. मनियाराला रंग दिसत नाही, हे तिनं ऐकलं होतं. आपल्या सुनेचा चुडा आपल्या मेडशीच्या मनियारानं भरावा, असा तिचा पहिल्यापासून हट्ट होता.

ती सरळ पेटाऱ्याकडे गेली, एक तोडा उचलला आणि इस्माईलच्या हातात दिला.

"हा घे हिरवा चुडा. भर."

तोडा लाल होता. लालभडक! मांडवातल्या प्रत्येक बाईला दिसत होतं. पण वरमायपुढे, तेही हळदीच्या दिवशी, बोलणार कोण? आईनं तोंड उघडलं तर रुपाबाईनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला. मांडवाच्या खांबापाशी मारोतराव उभे, त्यांचाही चेहरा पडलेला.

इस्माईलनं तोडा घेतला. दोरा सोडला. पंचफुलाचा हात हातात घेतला, अंगठ्याखाली दाबून मऊ केला. पहिली बांगडी तिच्या बोटांपाशी आणली आणि थांबला.

"पंचफुलाबाई, रंग सांगा."

"नवरी बोलत नसते!" तुळसाबाई कडाडली. "मी सांगून राह्यली ना, हिरवा हाये."

"तुमी सांगता ते खरं असन, मावशी. पन घालनार ह्या हायेत. ह्यायनं सांगितल्याबिगर मी बांगडी चढवत नाई."

"अन् हिनं नाई सांगितलं तं?"

"तं पेटारा बांधतो अन् जातो."

"आमच्या घरात सुना तोंड वर करून बोलत नाईत," तुळसाबाई सगळ्यांकडे बघून म्हणाली. म्हणजे बघा, पोरगी बोलली तर सासरी पाय ठेवण्याआधीच निर्लज्ज ठरणार. नाही बोलली तर इस्माईल उठून जाणार, कायमचा. त्यानं गुपचूप बांगडी चढवली असती तर लाल चुडा भरला म्हणून गावभर तमाशा झाला असता. आई म्हणायची, "माहं काळीज असं उडत होतं, असं! मले वाटे, मीच वरडतो आता." पण इस्माईलच्या तोंडावर घाई नव्हती. हात धरून तो बसून राहिला होता. पंचफुलानं मान खालीच ठेवून त्या बांगडीकडे बघितलं.

"लाल हाये."

आवाज इतका बारीक होता की कुणाला खरंच वाटेना.

"काय?" तुळसाबाई.

पंचफुलानं मान वर केली. "लाल हाये म्हनलं. मले हिरवा पायजे." आणि एकदा तोंड उघडलंच आहे म्हटल्यावर पोरीनं मागचं-पुढचं सगळं सांगून टाकलं, "अन् फिका नको. गर्द हिरवा, मेथीच्या भाजीवानी."

आईनं टाळी वाजवली! वाजली आणि मग तिच्या लक्षात आलं की मांडवात दुसरं कुणीच वाजवत नाहीये. पण हसू कुणाला आवरेना. पदराआडून खुसखुस सुरू झाली, एकीची दुसरीला लागली, आणि बघता बघता सगळा मांडव हसायला लागला. इस्माईलनं लाल तोडा दोन्ही हातांनी तुळसाबाईला परत दिला, आणि पेटारा पंचफुलापुढे सरकवला. तिनं स्वतः हात घालून हवा तो हिरवा काढला. बांगड्या अशा भराभर चढल्या की जणू तिच्या हातांचीच वाट बघत होत्या. भरून झाल्यावर पंचफुलानं रीतीप्रमाणे मनियाराला वाकून नमस्कार केला, आणि तिच्या बांगड्या खणखणल्या.

हसू थांबलं, कारण तुळसाबाई अजून तिथंच उभी होती. हातात तो लाल तोडा. आता ही वऱ्हाड परत नेते की काय, असं रुपाबाईला वाटलं. मारोतराव हात जोडून दोन पावलं पुढेही आले.

इस्माईल घोंगडी झटकत म्हणाला, "मावशी, बसा. वरमायचे हात मी तसेच ठेवू काय? कोनचा रंग भरू?"

तुळसाबाईनं मांडवभर नजर फिरवली. मग बसली. कशी बसली ते तिलाही कळलं नसावं. हात पुढे केला आणि तुटकपणे म्हणाली, "कोनताबी भर."

"कोनताबी नावाचा रंग माह्यापाशी नाई, मावशी."

कुणी हसलं नाही या वेळी. तुळसाबाई पेटाऱ्याकडे बघत राहिली. तिच्या मनगटावर जुन्या हिरव्या बांगड्या होत्या, झिजलेल्या, पातळ झालेल्या. तिनं त्या वर सारल्या, पुन्हा खाली केल्या. तो मोठा आवाज कुठं गेला कोण जाणे. अगदी हळू, जवळच्या दोघी-चौघींनाच ऐकू जाईल असं ती म्हणाली, "निळ्या हायेत काय? मले निळ्या लय आवडत. लहानपनापासून. कोनी इचारलंच नाई."

"निळा मले दिसते, मावशी. साफ दिसते," इस्माईल म्हणाला. त्यानं पेटाऱ्यात हात घातला, कुणालाही न विचारता निळा तोडा काढला आणि तिच्या हातात एकेक बांगडी चढवू लागला. तुळसाबाई आपल्याच मनगटाकडे असं बघत होती की जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. एक हात भरून झाला. दुसरा तिनं आपणहून पुढे केला.

"मेडशीले तू कवा येतं?" तिनं विचारलं. "घरात माह्या आनखी सुना हायेत. त्यायलेबी इचारजो."